रस्तारुंदीला सगळ्यांचा होकार कसा मिळवायचा? आधी टेप सगळ्यांसमोर धरा

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत नुकतेच रुजू झालेले रचना सहायक विचारतात, "जुन्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, रस्ता आज जेमतेम ९ मीटर आहे, मंजूर विकास आराखड्यात तो १५ मीटर आहे. तीन बैठका घेतल्या. पहिलीत आरडाओरडा, दुसरीत सभात्याग, तिसरीला कोणी आलंच नाही. रस्त्याच्या तोंडाशी नगरपरिषदेचेच सहा गाळे आहेत, पुढे व्यापारी, घरमालक, जुने भाडेकरू, गाडेवाले, एक देऊळ, एक मशीद. एवढ्या सगळ्यांचं एकमत कसं घडवायचं?"

तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे तिसरी रिकामी बैठक. आरडाओरडा करणारा माणूस अजून तुमच्याशी बोलत असतो. जो येईनासा होतो तो वकिलाकडे जाऊन आलेला असतो. तेव्हा चौथी बैठक लावू नका. निदान दोन महिने तरी नको.

मी नगररचनेत तीसेक वर्षं काढली, त्यातली बहुतेक मराठवाड्यात. सुरुवातीला माझीही समजूत अशीच होती की लोकांना रस्ता नको असतो, म्हणून आपण रस्त्याचे फायदे सांगायचे. प्रोजेक्टर लावायचा, रंगीत चित्रं दाखवायची, कडेला झाडं, मध्ये दुभाजक. लोक चहा पिऊन, चित्रं बघून घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी निवेदन यायचं. परभणीकडच्या एका गावात किराणा दुकानाच्या एका मालकाने मला खरं काय ते सांगितलं. म्हणाले, "साहेब, माझं दहा फूट गेलं तर जाऊ द्या. पर समोरच्याचं चारच का घ्यायलात?"

या एका वाक्याने माझं काम बदललं. माणूस आपलं किती गेलं हे मोजतो, पण त्याहून बारकाईने शेजाऱ्याचं किती वाचलं हे मोजतो. तुमच्या तिन्ही बैठकांमध्ये हेच चाललं असणार. वर रस्त्याच्या विकासाची भाषा, आणि मनात सगळ्यांच्या एकच हिशेब, की अमक्याच्या तीन मजली इमारतीला हात लागणार आहे का नाही.

यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे, तेही सांगतो. एका तालुक्याच्या गावी रस्त्याची आखणी करताना एका ठिकाणी रेघ मी दोन फूट वळवली. कारण अगदी साधं होतं: त्या जागी पाण्याच्या मुख्य लाईनचा चेंबर आणि डीपी होता, आपला डीपी म्हणजे विकास आराखडा तो नव्हे, वीजवाल्यांची वितरण पेटी. हलवायला वर्ष गेलं असतं. पण वळणाच्या आत ज्यांचं दुकान आलं ते नेमके माजी पदाधिकाऱ्यांचे मेहुणे निघाले. मी कारण कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. आठ दिवसांत अख्ख्या बाजारात झालं की साहेबांनी पाकीट घेतलं. प्रकरण खंडपीठात गेलं, स्थगिती आली, आणि माझी बदली होऊन पुढे दोन गावं झाली तरी तो रस्ता होता तसाच होता. दोन फुटांचं कारण दोन ओळींत आधीच फळ्यावर लिहिलं असतं तर कदाचित वाचलो असतो.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. नकाशाचं नव्हे. विकास आराखड्याचा नकाशा साधारण १:४००० किंवा १:५००० अशा प्रमाणात असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार-पाच मीटर होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने ओढलेली रेघ स्वतःच साडेसहा ते आठ फूट जाड असते. एवढ्या जाडीत एखाद्याचं अख्खं दुकान बसतं. आणि तो नकाशा आपण नगरपरिषदेच्या भिंतीवर लावून म्हणतो, 'नागरिकांनी अवलोकन करावे'. त्यांनी काय अवलोकन करायचं?

भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर मोजणीची फी भरा आणि संयुक्त मोजणी घ्या. तारीख आठ दिवस आधी दवंडी देऊन, व्हॉट्सअॅपवर, मोंढ्याच्या फळ्यावर, सगळीकडे कळवा. सकाळी सातला सुरू करा, दुकानं उघडायच्या आधी. टेपचं एक टोक तुमच्या माणसाने धरायचं, दुसरं टोक त्या दुकानदाराने स्वतः. आकडा मोठ्याने वाचायचा, वहीत लिहायचा, शटरच्या कडेला ऑइलपेंटने दुकानाचा क्रमांक टाकायचा आणि मालकाची, भाडेकरूची, शिवाय एका शेजाऱ्याची सही घ्यायची. शेजाऱ्याची सही विसरू नका, खरी साक्ष तीच. हे फार हळू चालतं. दिवसाला पंधरा-वीस दुकानं झाली तरी खूप. पण तिसऱ्या दिवसापासून गंमत अशी होते की ज्यांची मोजणी झाली ते पुढच्याच्या मोजणीला येऊन उभे राहतात. आपला टेप सैल धरला का ताणून, यावर त्यांची नजर असते. त्यांना असू द्या. तुमच्यापेक्षा चांगले निरीक्षक तुम्हाला मिळणार नाहीत.

मोजताना फक्त 'किती जातं' हा रकाना ठेवू नका. 'किती उरतं' हा ठेवा. नऊ मीटरचे पंधरा करायचे तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर, म्हणजे जवळपास दहा-दहा फूट. ज्याचं दुकान चाळीस फूट खोल आहे त्याच्यासाठी ही कुरबूर आहे. ज्याचं अठरा फूट आहे त्याच्याकडे आठ फूट उरतात, त्यात माल ठेवायचा का माणूस बसवायचा? आणि ज्याचं बारा फूट आहे त्याचं दुकान संपलं. हे तिघे एकाच बैठकीत, एकाच खुर्च्यांवर बसवले की ओरडतो चाळीस फुटांचा, कारण त्याला बोलता येतं, आणि बारा फुटांचा मागे उभा राहून निघून जातो. यादी 'उरतं' या रकान्यावर लावली की तुमच्या लक्षात येईल, खरोखर उद्ध्वस्त होणारे थोडे असतात. त्यांचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो, आणि तो आधी सोडवावा लागतो. ते सुटले हे बाजाराला दिसलं की बाकीच्यांचा सूर खाली येतो.

कागदपत्रांबद्दल एक सावधगिरीचा इशारा. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या बाजारपेठांचे मूळ कागद उर्दूत असतात, काही मोडीत. इनाम जमिनी, देवस्थानच्या जमिनी, वक्फच्या जमिनी, त्यावर कुळं, त्यावर पोटभाडेकरू. नगरभूमापनाच्या मालमत्ता पत्रकावर नाव आजोबांचं, ताबा पुतण्याचा, आणि पावती तिसऱ्याच्याच नावाची. एका गावात दुकानांच्या पुढचे दगडी ओटे आम्ही सरसकट 'अतिक्रमण' म्हणून नोटिशीत टाकले होते. मोजणीच्या दिवशी एक वयस्क कापडवाले आले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून घडीवर फाटलेला एक उर्दू कागद काढला. आमच्यात कोणाला वाचता येईना. गावातल्या एका निवृत्त मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून उभ्या उभ्याच वाचला. त्या रांगेतले ओटे ठराविक भाड्याने दुकानांना दिलेले होते, आणि भाडं भरल्याची नोंदही होती.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, नोटिशीतला 'अतिक्रमण' हा शब्द पेनाने खोडला आणि सही केली. माझ्या सोबतच्या अभियंत्याला ते आवडलं नाही. रीतीने शुद्धिपत्रक नंतर निघालंच. पण त्या खोडलेल्या शब्दाने जे झालं ते पाच बैठकांनी झालं नसतं. चाचांनी स्वतः पुढच्या सात दुकानदारांना डबे उघडायला लावले. तेव्हा 'अतिक्रमण' हा शब्द कागद बघितल्याशिवाय वापरू नका. एकदा वापरला की समोरचा चोर ठरतो, आणि चोर ठरवलेल्या माणसाशी तडजोड होत नाही.

आता घरमालक आणि भाडेकरू. मोंढ्यात हा सगळ्यांत नाजूक सांधा आहे आणि बैठकीत कधीच उघडा पडत नाही. वर्षानुवर्षं दोन-तीनशे रुपये भाड्यावर बसलेला भाडेकरू भाडे नियंत्रण कायद्यामुळे उठत नाही. रस्तारुंदीत दुकान गेलं की तो बहुधा उठतो आणि मोबदला बहुतेक वेळा मालकाला. म्हणून मालक तुमच्या बैठकीत गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याला संमती समजू नका, आणि भाडेकरूच्या ओरडण्याला विकासविरोध समजू नका. मी जिथे जिथे जमलं तिथे तिघांचा करार लिहून घेतला: मालक, भाडेकरू, नगरपरिषद. उरलेल्या जागेवर नवं बांधकाम होईल तेव्हा भाडेकरूला इतके चौरस फूट, तळमजल्यावर की वर, आणि भाडं किती, हे सगळं आकड्यांत. बांधकाम परवानगीचा अर्ज येतो तेव्हा तो करार सोबत जोडलेला असला पाहिजे. दहातले सहा करार टिकले. चार मोडले. दहाच्या दहा भाडेकरू रस्त्यावर येण्यापेक्षा हे बरं.

मोबदल्याबद्दल खरं बोला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे जागा मिळवायच्या वाटा तीन: वाटाघाटीने रक्कम देऊन, एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा, विकता येणारा हक्क) देऊन, नाहीतर भूसंपादन. भूसंपादन २०१३ च्या कायद्याने, शहरी भागात बाजारभावाच्या सुमारे दुप्पट, आणि तेवढे पैसे तुमच्या नगरपरिषदेकडे नाहीत हे गावाला तुमच्याआधी माहीत असतं. म्हणून आपण टीडीआर पुढे करतो. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीतल्या जागेला तिप्पट टीडीआर आहे, ऐकायला झकास. पण टीडीआर विकायला घेणारा लागतो. छत्रपती संभाजीनगरला तो मिळेलही, तालुक्याच्या गावी बिल्डर मुळात असतात चार, आणि त्यांना मूळचाच एफएसआय संपत नाही. तिथे तिप्पट टीडीआर म्हणजे तिप्पट कागद. त्यापेक्षा गेलेल्या जागेचा एफएसआय उरलेल्या भूखंडावरच वापरता येतो, त्याचा नमुना नकाशा फुकट काढून द्या. एका दुकानाचा काढला की दहा जण मागायला येतात. मी हे रविवारी बसून करायचो. सरकारी वेळात जमत नाही.

ज्यांना आपण विसरतो ते तिघे: हमाल, भाजीवाल्या आणि ट्रकवाले.

मोंढ्यात कोंडी रस्ता अरुंद म्हणून होते, असं सगळे धरून चालतात. दोन दिवस मोजा, एक साधा दिवस आणि एक आठवडी बाजाराचा. एका गावी आम्ही मोजलं तर लक्षात आलं की सगळी बोंब सकाळी दहा ते एकची, आडतीवर माल उतरवायला ट्रक आडवे लागतात तेव्हाची. हमालांच्या मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, पहाटे पाचला उतरवायला आम्ही तयार आहोत, पण आडतवाले नऊशिवाय शटर उघडत नाहीत. म्हणजे रस्त्याचं दुखणं निम्मं शटरच्या वेळेत होतं! तिथे आम्ही ट्रकची वेळ बदलून घेतली आणि रस्ता पंधराऐवजी बारा मीटर करायचा फेरबदल त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली शासनाकडे पाठवला. बारा मीटरला दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूटच जातात. तुमच्याकडेही असंच निघेल असं नाही. पण मोजल्याशिवाय पंधरा मीटरच्या आकड्यासाठी भांडू नका, तो आकडा कोणीतरी वीस वर्षांपूर्वी नकाशावर बसून टाकलेला असतो.

मात्र बैठकीत कोणाला 'बारा करून टाकू' असा शब्द देऊ नका. मंजूर आराखड्यातली रुंदी बदलायचा अधिकार तुम्हाला नाही, मुख्याधिकाऱ्यांना नाही, सभागृहालाही एकट्याने नाही. फेरबदलाला ठराव, नोटीस, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी लागते. मी प्रत्येक ठिकाणी एक फळा ठेवायचो. मध्ये उभी रेघ. डावीकडे 'ठरलेलं', उजवीकडे 'ठरायचंय'. कोणी मुद्दा काढला की तो कोणत्या बाजूला जातो ते सगळ्यांसमोर लिहायचं. लोकांना 'नाही' ऐकायची सवय असते, त्याचा राग येत नाही. राग येतो तो 'बघू' चा.

भाजीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असायला हवेत, त्यातल्या एक तृतीयांश महिला. तुमच्याकडे ही समिती कागदावर आहे का खरी, ते आधी बघा. आणि नवी जागा सुचवण्याआधी जाऊन बसा त्यांच्याजवळ. एका मावशीने मला सांगितलं होतं, "जागा कुठं बी द्या, पर एसटीतून उतरलेल्या माणसाला मी दिसले पायजे." आम्ही आखलेली भाजी मंडई स्टँडच्या पाठीमागे होती. छत होतं, नळ होता, फरशी होती, आणि आजही तिथे मोटारसायकली लागतात.

दुकान म्हणजे नुसते चौरस फूट नसतात, ती लाईन असते. लातूरची गंजगोलाई बघा. निजामी राज्यातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला, सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात, आणि रस्त्यागणिक धंदा वेगळा, सराफा वेगळा, चपलांची ओळ वेगळी, मसाले वेगळे. सराफ्यातल्या दुकानदाराला तेवढेच फूट मसाल्याच्या ओळीत दिले तर त्याला काय मिळालं? व्यापारी संकुलात गाळा देतो म्हणताना हे डोक्यात ठेवा.

देऊळ आणि मशीद यांच्याबद्दल थोडक्यात. दोन्हीकडच्या विश्वस्तांना एकाच दिवशी भेटा, सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे असंही नको, लागोपाठ जा. मोजणी एकाच पद्धतीने, आकडे एकाच कागदावर. पुढाऱ्यांना मध्ये घालू नका. आणि सुरुवात तिथून करू नका.

संमती कधी घेतली, यालाही महत्त्व आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामाला मी नवखा पोरगा म्हणून गेलो होतो. शेतजमिनीच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं, सरळ रस्ते, मोकळी गावठाणं. हे वरून लादलं असं आता सगळे म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेलेली, त्यामुळे लोक स्वतःच म्हणत होते, घर शेजाऱ्यापासून लांब द्या, रस्ता रुंद द्या. ग्रामसभेत हात वर झाले, आम्ही लिहून घेतलं. काही वर्षांनी त्याच गावांत गेलो तर बायका विचारत होत्या, भावकी अशी चार दिशांना का फेकली, एकमेकींच्या दारात बसायलाही आता चालत जावं लागतं. तेव्हापासून एकाच सभेतल्या हातांवर मी विसंबत नाही. तोच प्रश्न सहा महिन्यांनी, शांतपणे, बायकांना वेगळं बसवून पुन्हा विचारतो. उत्तर बऱ्याचदा बदललेलं असतं.

इतिवृत्त तिथल्या तिथे लिहा आणि उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून लिहिलेलं इतिवृत्त कोणी खरं मानत नाही, आणि बऱ्याचदा ते नसतंही.

एवढं करूनही दोन-तीन जण अडून राहतील. राहू द्या. त्यांच्यासाठी कायदा आहे, सुनावणी आहे, कोर्ट आहे, तो त्यांचा हक्क आहे. मात्र त्यांच्यापायी उरलेल्यांशी झालेले करार थांबवू नका, आणि त्यांना धडा शिकवायला म्हणून जेसीबी आधी त्यांच्याकडे पाठवू नका. पहिला घाव कुठे पडतो हे गाव बारकाईने बघतं. गरिबाच्या टपरीवर पडला तर पुढची सगळी मोजणी वाया.

तुम्ही लिहिलंय की रस्त्याच्या तोंडाशी नगरपरिषदेचेच सहा गाळे आहेत. ते रेषेत येतात का, हे तुमच्या पत्रात नाही, आणि मला वाटतं तुमच्या बैठकांतही कोणी विचारलेलं नसावं, कारण सगळ्यांना उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं: नगरपरिषदेचं नगरपरिषद कशाला पाडेल? त्या सहा भाडेकरूंना आधी भेटा, त्यांची सोय लिहून द्या, सभागृहाचा ठराव घ्या. मग मोजणीच्या पहिल्या दिवशी सकाळी सातला टेप तिथून सुरू करा, आणि क्रमांक एक त्यांच्याच शटरवर टाका.